कॅशे साफ करायची, डेटा नाही: फोन आणि कॉम्प्युटरवर काय, कोणत्या क्रमाने पुसायचं

"कॅशे क्लिअर करून बघा" हा सल्ला हेल्पलाइनवाला देतो, ऑफिसातला आयटीवाला देतो, भाचाही देतो. सल्ला चुकीचा नसतो, अर्धवट असतो. कुठली कॅशे, कुठून, त्याआधी काय तपासायचं आणि शेजारच्या बटणाला हात का लावायचा नाही, हे कुणी सांगत नाही. मग माणूस सेटिंग्जमध्ये शिरतो, दिसेल ते पुसतो आणि मूळ अडचण तशीच राहून वर चॅट, लॉगिन किंवा अर्धा भरलेला फॉर्म घालवून बसतो.

खालचा क्रम म्हणून असा लावलाय: आधी काहीही न पुसता खात्री करायची, मग सगळ्यात लहान पुसणी, आणि ती पुरली नाही तरच पुढची. जिथे काम झालं तिथे थांबायचं. सगळे टप्पे पूर्ण करायचा नेम कुणी केलेला नाही.

## पुसण्याआधी एवढं कळायला हवं

एकदा आणलेली किंवा एकदा खपून तयार केलेली गोष्ट पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली प्रत म्हणजे कॅशे. ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि फडताळातल्या बरण्या यांच्यासारखं हे नातं आहे. डबा रिकामा झाला तर बरणीतून भरता येतो. बरणीच फेकली तर बाजार गाठावा लागतो. फोनमध्ये मात्र डबा रिकामा करायचं बटण आणि बरणी फेकायचं बटण शेजारीशेजारी ठेवलेलं असतं.

जुनं पान का दिसत राहतं? वेबसाइट आपला लोगो, चित्रं, पानाची मांडणी यांच्या फाइली पाठवताना ब्राउझरला सांगते की ही फाइल इतके सेकंद जवळ ठेव. ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस, ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे एक वर्ष. तेवढी मुदत असेपर्यंत ब्राउझर एरवी ती फाइल पुन्हा मागतच नाही. मुदत संपली की सर्व्हरला विचारतो, "बदलली का?" बदललेली नसेल तर सर्व्हर फाइल न पाठवता नुसता ३०४ हा क्रमांक कळवतो आणि जुनीच प्रत चालू राहते. पान झटकन उघडतं ते या व्यवस्थेमुळे. आणि साइटवाल्याने फाइल बदलून नाव तेच ठेवलं तर तुम्हाला जुनं पान दिसतं, तेही हिच्यामुळेच.

प्रोसेसरच्या आतही कॅशे असते आणि रॅमचाही मोठा भाग कॅशेसारखाच वापरला जातो. त्या दोन्हींना तुम्ही हात लावायचं कारण नाही. मशीन बंद केलं की त्या आपोआप रिकाम्या होतात.

कॅशे पुसून काय सुटू शकतं: अपडेटनंतर ॲप उघडताच बंद पडणं, पान अर्धवट किंवा विस्कटलेलं दिसणं, बदललेला फोटो जुनाच दिसणं, बटण दाबूनही काहीच न होणं. काय सुटत नाही: ओटीपी न येणं, नेट मंद असणं, बॅटरी लवकर उतरणं, व्हायरस, विसरलेला पासवर्ड, आणि शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र एकाच पोर्टलवर धडकल्यामुळे बसलेला सर्व्हर. या शेवटच्या कारणासाठीही लोक कॅशे पुसत बसतात.

## टप्पा १: काहीही न पुसता खात्री करा

१. ब्राउझरमध्ये आधीच उघड्या असलेल्या सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या बंद करा. त्या एकमेकींत तात्पुरती माहिती वाटून घेतात, त्यामुळे एक जरी उघडी राहिली तरी चाचणी कच्ची ठरते.

२. नवी इनकॉग्निटो खिडकी उघडा. फायरफॉक्स आणि सफारीत तिला प्रायव्हेट खिडकी म्हणतात. तिच्यात तेच पान उघडा. ही खिडकी तुमची जुनी कॅशे आणि जुन्या कुकीज, म्हणजे लॉगिनसारख्या गोष्टी लक्षात ठेवायला साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, वापरत नाही.

३. तरीही बिघाड दिसला तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, किंवा उलट.

४. जमलं तर दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघा.

आता अर्थ लावा. इनकॉग्निटोत पान नीट चाललं तर गोंधळ तुमच्या ब्राउझरमध्ये आहे: कॅशे, कुकीज किंवा एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी जादा सोय. एक्स्टेन्शन हा संशयित बहुतेक जण विसरतात. इनकॉग्निटोत एक्स्टेन्शन्स एरवी बंद असतात, त्यामुळे दोष जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा असला तरी निकाल हाच दिसतो. आधी ते बंद करून साधी खिडकी पुन्हा तपासा.

मोबाइल डेटावर चाललं आणि वायफायवर नाही, तर दोष नेटवर्कचा किंवा साइटचा जुना पत्ता कुठेतरी साठून राहिल्याचा. साइट नव्या सर्व्हरवर हलवली की काही काळ असं होतं. राउटर आणि मशीन बंद करून चालू करा, नाहीतर काही तास थांबा.

थांबा: इनकॉग्निटोत, दुसऱ्या नेटवर्कवर आणि दुसऱ्या फोनवरही तोच बिघाड असेल तर तुमच्या मशीनवर पुसण्यासारखं काही नाही. लेख इथेच सोडा आणि शेवटच्या भागातली तक्रारीची यादी वाचा.

## टप्पा २: तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर हळहळतात.

१. बिघाडाचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर "नेमकं काय येत होतं?" या प्रश्नाला "काहीतरी एरर येत होता" हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

२. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो पोर्टलवर सेव्ह झालाय का ते बघा. काही साइट्स मसुदा आपल्या सर्व्हरवर न ठेवता तुमच्या ब्राउझरमध्येच ठेवतात. साइटचा डेटा पुसला की तो गेला. शंका असेल तर भरलेला मजकूर कॉपी करून दुसरीकडे ठेवा. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे फॉर्म भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

३. ज्या साइटचं पुसणार तिचा युजर आयडी आणि पासवर्ड खरोखर माहीत आहे का ते बघा. "आपोआप लॉगिन होतं" म्हणजे माहीत असणं नव्हे.

४. ॲपच्या बाबतीत पुढे डेटा पुसायची वेळ येण्याची शक्यता असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअप आत्ताच घ्या. ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी सतत बदलणारे कोड दाखवणारं) वापरत असाल तर त्यातले कोड खात्याशी सिंक झालेत किंवा दुसऱ्या फोनवर नेलेत याची खात्री करा.

५. वायफायवर असा. पुसलेलं सगळं पुन्हा डाउनलोड होणार आहे, ते दिवसाच्या डेटा पॅकमधून कशाला?

## टप्पा ३: पान सक्तीने नव्याने मागवा

कॉम्प्युटरवर बहुतेकदा एवढंच पुरतं. विंडोजवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. कंट्रोल आणि एफ५ नेही तेच होतं. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कमांड, शिफ्ट, आर. सफारीत ऑप्शन, कमांड, आर.

नुसतं एफ५ दाबणं आणि हे यात फरक आहे. साध्या रिफ्रेशमध्ये ब्राउझर साठवलेल्या प्रती वापरू शकतो. सक्तीच्या रिफ्रेशमध्ये तो त्या बाजूला ठेवून त्या पानाच्या फाइली सर्व्हरकडून नव्याने मागवतो. पुसलं काहीच जात नाही, लॉगिनही टिकतं.

तपासा: पान सुधारलं? मग काम झालं. आतलं दुसरं पान अजून जुनं दिसत असेल तर तिथे जाऊन पुन्हा दाबा, कारण ही सक्ती उघड्या पानापुरतीच असते.

फोनवरच्या क्रोममध्ये असं बटण नाही. फोनवाल्यांनी थेट पुढच्या टप्प्यावर जावं.

## टप्पा ४: त्या एकाच साइटचा डेटा काढा

एका साइटसाठी अख्खा ब्राउझर पुसणं ही सर्रास होणारी चूक. अँड्रॉइडवर क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, तिथे सर्व साइट्सची यादी उघडा, ती साइट शोधा आणि तिचा डेटा हटवा. कॉम्प्युटरवर पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, कुकीज आणि साइट डेटा या ओळीत जा, तिथून त्या साइटची नोंद काढा.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी शोधा. आयओएस १८ पासून ते ॲप्स या गटात गेलंय. सगळ्यात खाली ॲडव्हान्स्ड, मग वेबसाइट डेटा, आणि यादीतल्या साइटचं नाव डावीकडे सरकवून डिलीट.

थांबा: या टप्प्यात त्या साइटवरून लॉगआउट व्हाल. टप्पा २ मधला दुसरा आणि तिसरा मुद्दा इथेच कामाला येतो.

पुसून झाल्यावर ती टॅब बंद करा आणि पत्ता टाइप करून नव्या टॅबमध्ये साइट उघडा. जुनीच टॅब उघडी ठेवून "काही फरक नाही" म्हणणारे खूप असतात.

## टप्पा ५: ब्राउझरची पूर्ण कॅशे

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कमांड, शिफ्ट, डिलीट. फोनवर क्रोमचे तीन ठिपके आणि ब्राउझिंग डेटा हटवा. समोर येणाऱ्या चौकटीत दोन ठिकाणी चूक होते.

पहिली, काळाची. सुरुवातीला १५ मिनिटं किंवा एक तास असा छोटा काळ निवडलेला असतो. गोंधळ घालणारी फाइल तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर ती जागची हलत नाही. काळ "ऑल टाइम" करा.

दुसरी, खुणांची. "कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स" एवढ्याच चौकोनात खूण ठेवा. हिस्टरी, कुकीज, पासवर्ड, ऑटोफिल यांच्या खुणा काढा. काही ठिकाणी ही यादी आणखी पर्यायांमागे दडलेली असते, ती उघडून बघा. कुकीज पुसल्या तर जवळजवळ सगळ्या साइट्सवरून बाहेर पडाल. पासवर्डवर खूण राहिली आणि सिंक चालू असेल तर ते त्या खात्याला जोडलेल्या इतर फोन-कॉम्प्युटरवरूनही जातील. हिस्टरीचंही तेच. कॅशे मात्र फक्त त्याच मशीनवरची जाते, म्हणून ती एकटीच निवडण्यात धोका नाही.

आयफोनवर "क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा" हे ठळक बटण हिस्टरीही नेतं, आणि आयक्लाउडला जोडलेल्या इतर उपकरणांवरचीही नेतं. हिस्टरी ठेवायची असेल तर टप्पा ४ मधल्या वेबसाइट डेटा यादीच्या तळाशी असलेलं सर्व काढण्याचं बटण वापरा. लॉगिन मात्र तिथेही जातील.

तपासा: पुसल्यानंतर पहिल्यांदा प्रत्येक साइट जरा हळू उघडेल. हे बिघडणं नव्हे, कॅशे पुन्हा भरली जातेय.

## टप्पा ६: अँड्रॉइडवरचं ॲप

क्रम नीट पाळा.

१. सेटिंग्ज, ॲप्स, आणि ते ॲप. आयकॉन दाबून धरला की येणाऱ्या ॲप इन्फोवरूनही इथेच पोचता येतं.

२. आधी फोर्स स्टॉप. चालू ॲपची कॅशे पुसली तर ते त्याच घडीला ती पुन्हा भरायला घेऊ शकतं.

३. स्टोरेज अँड कॅशे.

४. क्लिअर कॅशे. फोन मराठीत असेल तर कॅशे साफ करण्याचं बटण. इथे सहसा कसलाही इशारा येत नाही आणि आकडा शून्याजवळ जातो.

५. ॲप उघडून बघा. जमलं नाही तर फोन बंद-चालू करा, मग प्ले स्टोअरवर ॲपचं अपडेट आहे का ते पाहा.

थांबा: शेजारचं बटण क्लिअर डेटा किंवा क्लिअर स्टोरेज. "स्टोरेज क्लिअर" वाचून लोकांना वाटतं, फोनमध्ये जागा होईल. जागा होते, पण ॲप नुकतंच इन्स्टॉल केल्यासारखं कोरं होऊन. पुसायच्या आधी फोन "डेटा कायमचा हटवला जाईल" अशा अर्थाची खिडकी दाखवतो. ती दिसली की समजा, चुकीचं बटण दाबलंय. रद्द करा.

डेटा पुसल्यावर काय होतं ते ॲपगणिक वेगळं. यूपीआय ॲपला तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून फोनची नोंदणी पुन्हा करावी लागते. यूपीआय पिन बँकेकडे असतो, तो बदलत नाही. पण सिम दुसऱ्या फोनमध्ये असेल, एसएमएस जात नसेल, किंवा मुलाकडे परदेशात गेलेल्या आईबाबांचं भारतातलं सिम तिकडे बंद असेल, तर ते ॲप परत येईपर्यंत शोभेचंच. व्हॉट्सॲपमध्ये शेवटच्या बॅकअपनंतरचं काही परत मिळत नाही. कीबोर्ड ॲपने तुमच्याकडून शिकलेले शब्द जातात. आडनावं आणि गावांची नावं पुन्हा शिकवत बसा. ऑथेंटिकेटरमधले सिंक न केलेले कोड गेले, तर त्या कोडने कुलूपबंद केलेल्या प्रत्येक खात्याच्या दारात उभं राहावं लागतं.

म्हणून डेटा पुसणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही टप्पा २ पूर्ण केला असेल तरच.

व्हॉट्सॲपने फोन भरलाय म्हणून कॅशे पुसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथली जागा कॅशेने नाही, सुप्रभातच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली असते. ॲपच्याच सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज असं जाऊन मोठ्या फाइली वेचून काढा. टेलिग्रामचं गणित उलटं: नेहमीच्या चॅटमधले फोटो-व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर राहतात, फोनवर असते ती प्रत. त्यामुळे टेलिग्रामच्या आतल्या स्टोरेज युसेजमधून कॅशे पुसली तर जागा खरोखर मोकळी होते आणि हवं ते पुन्हा उतरवता येतं.

## टप्पा ७: आयफोनवरचं ॲप

इथे ॲपनिहाय कॅशे पुसायचं सर्वसाधारण बटण नाही. काही ॲप्स आपल्या सेटिंग्जमध्ये ते देतात. आधी तिथे शोधा. सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज इथे दोन पर्याय दिसतात. ऑफलोड ॲप फक्त ॲप काढतं, त्याची कागदपत्रं आणि डेटा ठेवतं. म्हणून फुगलेली कॅशे त्याने जाईल या भरवशावर राहू नका. डिलीट ॲप डेटासकट सगळं काढतं. ते अँड्रॉइडच्या क्लिअर डेटाइतकंच जहाल समजा आणि तीच तयारी करा.

## टप्पा ८: कॉम्प्युटरची तात्पुरत्या फाइलींची सफाई

हे डिस्क भरली असेल तरच. विंडोज ११ वर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादीतल्या थंबनेल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स बिनधास्त काढा. डायरेक्टएक्स शेडर कॅशेही चालेल. गेम पहिल्यांदा उघडताना अडखळेल, एवढंच.

थांबा: याच यादीत डाउनलोड्स हे तुमचं फोल्डरही असतं. नाव टेम्पररी फाइल्स, आणि आत तुमची मार्कशीट, भाडेकरार, तिकिटं. खूण मुळात नसते, पण "सगळंच निवडू" म्हणणारा हात ती लावतो. रिसायकल बिनही त्यातच. विंडोजची नवी आवृत्ती नुकतीच घेतली असेल तर आधीच्या इन्स्टॉलेशनची नोंदही दिसेल. ती पुसली की जुन्या आवृत्तीवर परतायची सोय संपते. ती सोय तशीही साधारण १० दिवसच असते, तेवढे जाऊ द्या.

मॅकवर लायब्ररीतल्या कॅशेज फोल्डरमध्ये जायचं असेल तर आधी ते ॲप पूर्ण बंद करा आणि फक्त त्या ॲपच्या नावाच्या फोल्डरमधला मजकूर काढा. कॅशेज हे फोल्डरच उचलून कचऱ्यात टाकू नका.

## क्लीनर ॲप्स आणि रोजची पुसापुशी

दर रात्री क्लीनर चालवून "१.८ जीबी मोकळे" वाचण्यात समाधान असेल, वेग नाही. फोनची जागा संपत आली की अँड्रॉइड ॲप्सची कॅशे स्वतःच कमी करतं. रॅम मोकळी करणं तर शुद्ध तोट्याचं. मागे ठेवलेलं ॲप रॅममधून लगेच समोर येतं. मारलेलं ॲप पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि त्यात बॅटरीही जाते. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून परफॉर्मन्स, मेमरी पाहिलंत तर "कॅश्ड" असा मोठा आकडा दिसेल. ती रॅम अडकलेली नाही. गरज लागताच विंडोज ती मोकळी करतं.

कॅशेवर उपाय करायचा तो बिघाड दिसला की. वेळापत्रक लावून नाही.

## साइट तुमची असेल तर क्रम उलटा

दुकानाची, संस्थेची साइट चालवणाऱ्यांची ठरलेली तक्रार: "दर बदलले, मला नवे दिसतात, गिऱ्हाइकाला जुने." इथे कॅशेचे थर एकामागे एक असतात: साइटचं कॅशे प्लगइन (तयार पानांच्या प्रती ठेवणारी साइटला जोडलेली सोय), मग होस्टिंग किंवा साइट आणि गिऱ्हाईक यांच्या मधे बसून पानांच्या प्रती पुरवणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा, मग प्रत्येकाचा ब्राउझर. पुसायला मुळापासून सुरुवात करा. आधी प्लगइन, मग मधली सेवा, आपला ब्राउझर सगळ्यात शेवटी. मधली सेवा आधी पुसली तर ती लगेच प्लगइनकडून जुनंच पान घेऊन पुन्हा भरते.

गिऱ्हाइकाच्या ब्राउझरपर्यंत तुमचा हात पोचत नाही. त्यामुळे दरपत्रकाची फाइल बदलताना नावही बदला, मागे तारीख किंवा क्रमांक लावा. नवं नाव म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने नवी फाइल, ती त्याला मागवावीच लागते.

## तरीही सुटलं नाही तर तक्रारीत हे लिहा

मशीन आणि त्याची आवृत्ती, ब्राउझर किंवा ॲपची आवृत्ती, बिघाड दिसला ती तारीख आणि वेळ, टप्पा २ मधला स्क्रीनशॉट, आणि पुढची तीन वाक्यं तुमच्या निकालाप्रमाणे: इनकॉग्निटोत काय झालं, दुसऱ्या नेटवर्कवर काय झालं, दुसऱ्या फोनवर काय झालं. स्क्रीनशॉटमध्ये खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा ओटीपी दिसत असेल तर तो झाकून मगच पाठवा. आणि पलीकडून "कॅशे क्लिअर केली का?" असं आलंच, तर कोणत्या टप्प्यापर्यंत केली ते सांगा.